खुलासा: ‘यी ओल्ड’मधला ‘यी’ मुळात ‘द’च

‘जुने इंग्रज लोक “द” (the) ऐवजी “यी” (ye) म्हणायचे’ असा मजकूर इंग्लंडमधल्या दुकानांवरच्या ‘यी ओल्ड’ (Ye Olde, म्हणजे ‘जुनं’) पाट्यांच्या फोटोंसह फिरतोय. तो चुकीचा आहे. तसं कुणी बोलत नव्हतं.

जुन्या इंग्रजीत थ-द या उच्चारांसाठी ‘थॉर्न’ नावाचं वेगळं अक्षर होतं. हस्तलिखितांत ते हळूहळू वायसारखं दिसू लागलं. पुढे १४७६मध्ये विल्यम कॅक्स्टन या मुद्रकाने इंग्लंडात छापखाना आणला, पण युरोपातून आलेल्या छपाईच्या खिळ्यांत थॉर्न नव्हताच. मग वाय वापरून त्याच्या डोक्यावर बारीक ई बसवायचे. वाचणारा ते सरळ ‘द’ असंच वाचायचा. दुकानांवरचं ‘यी ओल्ड’ हे त्या मानाने अलीकडचं, एकोणिसाव्या शतकातलं फॅड.

खरा ‘यी’ शब्द वेगळाच आणि फार सुंदर. त्याचा अर्थ ‘तुम्ही’. आधी फक्त अनेकवचनी, पुढे आपल्यासारखाच एकट्यालाही आदराने. १६११च्या बायबलमध्ये ‘यी शॅल फाइंड’, म्हणजे ‘तुम्हाला सापडेल’, असं आहे. तिथे वाक्याचा कर्ता ‘यी’ आणि कर्म ‘यू’ असा भेद नीट पाळलेला दिसतो. नंतर ‘यू’नेच दोन्ही जागा घेतल्या.

पाटीवरचा ‘यी’ आणि हा ‘यी’ यांचं काहीही नातं नाही. कृपया तो मजकूर पुढे पाठवू नका.