मी रिकामी नाही, मी वाचायलेय

"घरीच तर असतीस." वर्षभरात हे वाक्य किती वेळा ऐकलं ते मोजलं नाही. मोजलं असतं तर वहीत पुस्तकांच्या यादीला जागा उरली नसती.

गेल्या पाडव्याला त्या वहीच्या पहिल्या पानावर मी दोन गोष्टी लिहिल्या होत्या. महिन्याला दोन पुस्तकं, म्हणजे वर्षाची २४. आणि विवेकसिंधू सबंध वाचायचा. अंबाजोगाईत राहून, आद्यकवी मुकुंदराजांच्या समाधीवर दर वर्षी लेकरांना नेऊन, त्यांचा ग्रंथ मात्र उघडायचा नाही याची मलाच लाज वाटत होती. शके १११० चा, म्हणजे ११८८ चा ग्रंथ. अठरा प्रकरणं, १६०० च्या वर ओव्या. रोज पाच वाचल्या तरी अकरा महिन्यांत होतो. जुनी मराठी जड जाते, एकेका शब्दाला थांबावं लागतं, म्हणून वेगळी वही केली. अवाजवी काही मागितलं नव्हतं मी.

आता फाल्गुन संपत आला. पुस्तकं झाली ९. विवेकसिंधू आषाढापासून सातव्या प्रकरणात अडकलाय. खूण म्हणून लातूरच्या एसटीचं तिकीट घातलं होतं, त्यावरची अक्षरंसुद्धा उडून गेली.

आणि हे माझ्या आळसानं झालेलं नाही. ते मी कुणालाच म्हणू देणार नाही.

तीन वर्षं झाली, माझी दोन्ही लेकरं घरीच शिकतात. सकाळी ९ ते १ अभ्यास. त्यासाठी आदल्या रात्री माझी तयारी. अपूर्णांक कसे समजावायचे, मांजरा धरणाचं पाणी आपल्या नळापर्यंत कसं येतं, कापसाच्या बोंडात नेमकं काय होतं, सगळं आधी मला समजून घ्यावं लागतं. मग जेवणं, भांडी. दुपारी २ ते ३ हा एकच तास माझा. लेकरं आपापलं पुस्तक घेऊन बसतात. आठ वर्षांच्या पोराला कळतं की आई वाचायली तर तासभर हाक मारायची नाही. कळत नाही ते मोठ्यांना!

सव्वादोनला फोन. "गॅसवाला येईल आमच्याकडं, तू आहेसच ना, तेवढी टाकी घे." अख्ख्या गल्लीची पार्सलं माझ्या ओसरीवर. पलीकडच्या वहिनी बाजारला निघाल्या की त्यांचं पोरगं माझ्या दारात, "बसू द्या हो तासभर, तशाही तुम्ही शिकवताच की." तीच वहिनी शाळेतल्या बाईंच्या वर्गात जाऊन असं म्हणेल का? बँकेत काम करणाऱ्या माझ्या नणंदेला दुपारी दोनला कुणी दळण आणायला पाठवतं का?

श्रावणात तर हद्द झाली. मावससासूबाई आल्या होत्या. मी खिडकीत वाचत बसले होते, चहा ठेवायला उठले, परत येऊन बघते तर पालथ्या घातलेल्या पुस्तकावर भुईमुगाच्या शेंगांची परात. "निवांतच बसलीस तर एवढ्या फोड." परात उचलली तर पुस्तकाची शिवण सुटलेली, मधली पानं हातात आली. वाचनालयाचं पुस्तक. त्याचे पैसे मी भरले आणि शेंगाही मीच फोडल्या. त्या दिवशी मी गप्प बसले याचा राग मला अजून येतो.

त्याच घरात सकाळी ह्यांच्या हातात पेपर असला की सगळे हळू बोलतात. "वाचायलेत ते." माझ्या हातात पुस्तक दिसलं की, "काय वाचायलीस गं एवढं? परीक्षा हाय का?"

वाचनालयाची दुसरी तऱ्हा. संध्याकाळी उघडं असतं तेव्हा इकडं भाकरी थापायची वेळ. कशीबशी गेले, तर टेबलं स्पर्धा परीक्षेच्या पोरांनी भरलेली. पोरांबद्दल तक्रार नाही, त्यांनी जावं कुठं? पण पुस्तक नोंदवताना दर वेळी तोच प्रश्न, "मुलांसाठी का?" नाही हो. माझ्यासाठी.

आणि हेच कुणाच्या गळी उतरत नाही. घरी शिकवणाऱ्या इतर आया, ज्यांनी तरी समजून घ्यावं, त्याही म्हणतात, "छान करतेस, आई वाचताना दिसली की मुलं वाचतात." अगं, मी लेकरांना दाखवायला वाचत नाही! त्यांना घरी शिकवायचं मी ठरवलं आणि ते मनापासून करते. "दहावीचं काय, लातूरला क्लासला कसं टाकणार?" म्हणणाऱ्यांना मुक्त विद्यालयाची परीक्षा शंभरदा समजावून सांगितली, पुढंही सांगेन. पण ह्या वर्षात माझं स्वतःचं म्हणून काय झालं हा प्रश्न मला पडू नये का? बाईचं वाचन पोरांच्या उपयोगाचं असेल तरच खपवून घ्यायचं?

ह्याच गावात संतकवी दासोपंतांनी लांबच लांब कापडावर ग्रंथ लिहिला. पासोडी म्हणतो आपण तिला, पाहुण्यांना अभिमानानं सांगतो. एवढं लिहायला लागणारा निवांतपणा त्यांना त्या घरातल्या बायांनीच दिला असणार. मला घरच्यांनी दिवसाचा एक तास द्यावा. तेवढाच.

आठ दिवसांवर पाडवा आला. वहीत नवीन पान उघडून सगळ्यात वर विवेकसिंधू, प्रकरण सातवं, असं लिहिलंय. दुपारी २ ते ३ दाराला आतून कडी राहील. नळाला पाणी आलं तर शेजारच्यांनी आपलं भरून घ्यावं, गॅसवाल्याला उद्या बोलवावं, पार्सल ओट्यावर ठेवून जावं. दार वाजवू नये. मी उघडणार नाही.