महाकाय दीर्घिका : निपाणीच्या सरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

महाकाय दीर्घिकांवरच्या (म्हणजे अब्जावधी ताऱ्यांच्या मोठमोठ्या गॅलेक्सींवरच्या) माझ्या लेखाखाली तुम्ही मला चांगलंच झाडलंय. बाकीच्यांसाठी तुमच्या तक्रारी थोडक्यात सांगतो. मोठ्या दीर्घिका लहानांना गिळून वाढतात असं मी लिहिलं. पण जेम्स वेब दुर्बिणीला विश्वाच्या बाल्यावस्थेतच वजनदार दीर्घिका सापडल्या, म्हणजे ती उपपत्ती मोडीत निघाली आणि मी ते लपवलं. आयसी ११०१ या दीर्घिकेचा व्यास यूट्यूबवर ६० लाख प्रकाशवर्षे सांगतात, तो मी दिलाच नाही. आणि सीमाभागातल्या पोरांना नोकऱ्या नसताना या आकाशातल्या गप्पा कशाला?

पहिल्या मुद्द्यावर मी भांडणार.

वेबच्या ज्या सहा दीर्घिकांचा २०२३ मध्ये गाजावाजा झाला, त्या महास्फोटानंतरच्या ५० ते ७० कोटी वर्षांतल्या मानल्या गेल्या. अशा काहींचा प्रकाश निव्वळ ताऱ्यांचा नाही, मधल्या कृष्णविवराभोवतीच्या तापलेल्या वायूचाही आहे, असं पुढे दिसलं आणि त्यांचं अंदाजी वजन उतरलं. तरी लवकर वाढलेल्या दीर्घिका अपेक्षेपेक्षा जास्त निघाल्या, हे खरंच. पण त्याने कोड्यात टाकलंय ते पहिल्या टप्प्याला. गिळणं हा दुसरा टप्पा. लेखात दोन्ही होते, तुम्ही पहिल्यातली अडचण दुसऱ्याच्या माथी मारलीत.

पहिल्या टप्प्यात कृष्णद्रव्य, म्हणजे डोळ्यांना न दिसणारं, फक्त ओढीवरून कळणारं द्रव्य, जिथे सर्वांत दाट साचलं, तिथे थंड वायू धो धो ओतला गेला. आपल्या आकाशगंगेत आज वर्षाला सूर्याएवढे जेमतेम एकदोन तारे जन्मतात. तिथे शेकड्यांनी जन्मत होते. दोनतीन अब्ज वर्षांत बराचसा ऐवज तयार. पण त्या दीर्घिका आटोपशीर होत्या, तेवढ्याच वजनाच्या आजच्या दीर्घिकांपेक्षा तीन ते पाच पटींनी लहान. वाड्याचं माजघर आधी उभं राहावं आणि पडव्या पुढे चढत जाव्यात, तसा हा प्रकार. वजनाचा मोठा वाटा आधीचा, पसारा मागाहूनचा.

पसारा वाढवणाऱ्या गिळण्यालाही गणित आहे. लहान दीर्घिका मोठीच्या परिसरातून जाते तेव्हा तिच्या ओढीने तारे आणि कृष्णद्रव्य तिच्या पाठीमागे गोळा होतात आणि तिलाच मागे खेचतात. तिचा वेग मरतो, ती आत घसरते, वाटेत तिचे तारे विखरून मोठीच्या बाहेरच्या भागात जमा होतात. हे घर्षण चंद्रशेखरांनी १९४३ मध्ये मांडलं.

पुरावा काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं. ययाती नावाच्या दीर्घिकांच्या समूहात एनजीसी १२७७ ही दीर्घिका आहे, साधारण २४ कोटी प्रकाशवर्षांवर. आकाशगंगेच्या दुप्पट तारे आणि आकार चौथाईच्या आसपास. समूहात ती इतकी भरधाव फिरते की शेजाऱ्यांना धरून गिळणं तिला जमलंच नाही. मोठ्या दीर्घिकांभोवती ताऱ्यांचे गोलाकार गुच्छ दोन तऱ्हांचे असतात : लाल म्हणजे घरचे, निळे बहुतेक गिळलेल्या लहान दीर्घिकांतून आलेले. हबल अवकाश दुर्बिणीने हिच्याभोवती निळे शोधले, तर जवळपास नाहीतच! दुसरा टप्पा चुकलेली दीर्घिका कशी दिसते, ते हे.

उलट टोकाला कन्या समूहातली एम ८७. आकाशगंगेभोवती असे गुच्छ दीडशेच्या आसपास, हिच्याभोवती बारा हजारांच्या घरात. गेल्या एक अब्ज वर्षांत तिने एक मध्यम दीर्घिका अख्खी पचवली, हे २०१५ मध्ये तीनशे ग्रहीय तेजोमेघांच्या (मरत्या ताऱ्यांनी सोडलेल्या चमकत्या वायूच्या) हालचालींवरून उकललं. मधलं कृष्णविवर साडेसहा अब्ज सूर्यांच्या वजनाचं. २०१९ मध्ये फोटो आला तो त्याचाच.

आता तुमचा यूट्यूबचा आकडा. दीर्घिकेला गावाच्या शिवेसारखी हद्द नसते (आणि शिवेचे वाद काय असतात ते तुम्हाआम्हाला कुणी शिकवायला नको). आयसी ११०१ ज्या समूहाच्या मध्यभागी बसलीय, तिथला अंधूक उजेड हळूहळू विरत जातो. त्यातले कुठवरचे तारे तिचे आणि कुठून पुढचे समूहाचे, हे मोजणाऱ्याच्या निकषावर ठरतं आणि आकडा त्याप्रमाणे फुगतो. म्हणून मी तो दिला नाही. यापुढेही देणार नाही.

नोकऱ्यांचं म्हणाल तर तुमचा राग रास्त आहे, माझ्याकडे त्यावर उपाय नाही. पण 'आकाशातल्या गप्पा' हे आपल्या भागातल्या माणसाने म्हणू नये. जयंत नारळीकर १९३८ मध्ये कोल्हापुरात जन्मले. निपाणीहून कोल्हापूर काय लांब? २०२४ मध्ये जाहीर झालेली पॉर्फिरियन ही कृष्णविवराने फेकलेल्या २.३ कोटी प्रकाशवर्षे लांबीच्या झोतांची जोडी नेमकी कुठल्या दीर्घिकेतून निघते, हे शोधताना नारायणगावजवळच्या खोडदची रेडिओ दुर्बीण कामी आली. खानापूर तालुक्यात मराठी माध्यमात शिकणाऱ्या पोरीला हे तिच्या भाषेत वाचता यावं, एवढ्यासाठी मी लिहितो.

एप्रिलमधल्या अमावस्येच्या जवळच्या शनिवारी आम्ही जांबोटीकडे दुर्बीण लावतो. बेळगावच्या उद्यमबागेचा उजेड तिकडे फारसा पोचत नाही. मध्यरात्रीच्या आत एम ८७ जवळपास डोक्यावर येते आणि सहा इंची दुर्बिणीतून पुसट ठिपका दिसतो. फोटोतलं काही दिसणार नाही, हे मुलांना आधीच सांगून ठेवा. वर्गातली किती मुलं आणताय ते कळवा, जेवणाचं बघता येईल. वळवाने घोटाळा केला तर मे महिन्यातली अमावस्या धरू.