‘मॅनेज झालात का?’ या प्रश्नाला उत्तर

सर, नमस्कार. प्रतिक्रियेत आपण निवृत्त शिक्षक असल्याचं लिहिलंय, म्हणून सर म्हणते. कोचिंगच्या फीबद्दलच्या माझ्या लेखावर आपला आक्षेप असा: ‘होर्डिंगवरच्या मुलाबद्दलचं वाक्य चार दिवसांत गुपचूप गायब झालं. नोटिशीला घाबरलात की मॅनेज झालात? वर्तमानपत्राला संपादक असतो, तुमच्यासारख्यांची जबाबदारी कोण घेणार?’ दोन दिवस हे डोक्यात घोळतंय. दोन ओळींत भागणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

‘होर्डिंगवर झळकणारा मुलगा त्या कोचिंग संस्थेत शिकलाच नाही’ हे वाक्य मी काढलं, हे खरं. गुपचूप काढलं, हेही खरं, आणि तिथं सर्वस्वी माझी चूक आहे. तारीख घालून ‘पुराव्याअभावी अमुक वाक्य काढलं’ एवढं तरी लिहायला हवं होतं. काल रात्री ती टीप लेखाच्या सुरुवातीलाच टाकली.

आता घडलं ते सांगते. लेख टाकल्याच्या दुसऱ्या दिवशी त्या संस्थेतून फोन आला. ‘ताई, आपण सगळी ग्वाल्हेरचीच माणसं. वर्षभराची जाहिरात देतो, तेवढा तो लेख उतरवून टाका.’ मी नाही म्हटलं. तिसऱ्या दिवशी वकिलाची नोटीस आली. सात दिवसांत लेख काढा, लेखी माफी मागा, नाहीतर 25 लाखांचा दावा आणि वर फौजदारी. आईनं सही करून पाकीट घेतलं आणि न उघडताच देवघरात ठेवलं. मी ऑफिसातून आले तेव्हा ती स्वयंपाकघरात दिवा न लावता बसली होती. घाबरले का विचारता, तर हो, घाबरले.

पण वकिलाची नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे, एवढं मला ठाऊक होतं. त्या रात्री लेखाची प्रिंट काढली आणि प्रत्येक वाक्यापुढे लिहीत गेले, याला माझ्याकडे काय आहे? फीच्या भागाला सगळं होतं. दौलतगंजातल्या त्या बाईंनी मुलाची पावती प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये जपून ठेवलीय. मुलगा दुसऱ्याच महिन्यात आजारी पडून घरी बसला, फी मात्र पूर्ण वर्षाची भरलेली. पावतीच्या कोपऱ्यात निळ्या शाईचा शिक्का आहे, ‘शुल्क परत मिळणार नाही’. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयानं जानेवारी 2024 मध्ये राज्यांना पाठवलेल्या मार्गदर्शक सूचना म्हणतात की मुलानं मध्येच शिकवणी सोडली तर उरलेल्या काळाची फी 10 दिवसांत परत करावी. शिक्का आणि सूचना दोन्ही लेखात होत्या, आजही आहेत.

होर्डिंगवरचा मुलगा त्या संस्थेत शिकलाच नाही, हे मात्र मला दोन विद्यार्थ्यांनी तोंडी सांगितलं होतं. लिहून द्यायला दोघंही तयार नव्हते. त्यांना दोष देत नाही, त्यांचं वर्ष अजून तिथंच चालू आहे. पण ऐकीव गोष्ट मी ‘आहे’ म्हणून छापली, ते चूकच. नोटीस आली नसती तर ती तशीच राहिली असती, याची मला जास्त लाज वाटते.

जबाबदारीचं म्हणाल, तर ती माझी एकटीची. दुसऱ्यानं टाकलेल्या मजकुराबद्दल जबाबदार न धरण्याचं, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 79 चं संरक्षण फेसबुक-गूगलसारख्या माध्यमांना मिळतं, लिहिणाऱ्याला नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली बदनामीला दोन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि फौजदारी बदनामीचा कायदा घटनेला धरून आहे हे सुप्रीम कोर्टानं 2016 मध्ये सांगून टाकलंय. खरं लिहिलं म्हणूनही सुटका होत नाही, ते लोकहितासाठी लिहिलं हेही दाखवावं लागतं.

वर्तमानपत्राला संपादक असतो, मान्य. पण 2009 च्या निवडणुकांत पैसे घेऊन बातम्या छापल्याची चौकशी प्रेस कौन्सिलच्या उपसमितीनं केली, तेव्हा तिनं वर्तमानपत्रांची नावं घेतली होती. कौन्सिलनं तो सविस्तर अहवाल सुरुवातीला बाहेरच येऊ दिला नाही. संपादक तिथंही होतेच ना, सर?

आणि आपल्या गावानं तर याहून मोठं पाहिलंय. फेब्रुवारी 2013 मध्ये ग्वाल्हेरच्याच एका न्यायालयाच्या आदेशावरून दूरसंचार विभागानं 73 वेबपत्ते बंद करायला लावले होते. आयआयपीएम या खाजगी व्यवस्थापन संस्थेवर टीका करणारा मजकूर त्यांवर होता. त्या यादीत खुद्द विद्यापीठ अनुदान आयोगाची सूचनाही सापडली. ही संस्था विद्यापीठ नाही, तिला पदवी देण्याचा अधिकार नाही, असं सांगणारी! सरकारनं पालकांना दिलेला इशारा सरकारनंच झाकला. पुढे सप्टेंबर 2014 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं त्या संस्थेला एमबीए, बीबीए हे शब्द वापरायला मनाई केली. पण 2013 च्या त्या दिवसांत लाखांची फी भरायला निघालेल्या बापानं ती सूचना उघडून पाहिली असती, तर त्याला काय दिसलं असतं? त्यामुळे एखादी ओळ नाहीशी झाली की विचारणारा कुणीतरी हवाच. आपण विचारलंत, आभार.

मार्च 2024 मध्ये ब्लूमबर्ग ही वृत्तसंस्था आणि झी यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं म्हटलं की सुनावणी पूर्ण होण्याआधीच लेख काढायला लावणं हा अपवाद असावा. तो निकाल छापून नोटिशीच्या फाइलला लावलाय. नोटिशीला उत्तर गेलंय. एक वाक्य मागे घेतलंय, बाकीचा लेख राहील, माफी मागणार नाही.

होर्डिंगचा विषयही सोडलेला नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर 2024 च्या सूचनांप्रमाणे, यशस्वी मुलाचा फोटो लावायचा तर निवडीनंतर त्याची लेखी संमती लागते, आणि त्यानं नेमका कोणता कोर्स केला तेही छापावं लागतं. नई सडकेवरच्या त्या फलकावर मुलाचा चेहरा आणि क्रमांक हातभर मोठा आहे, कोर्सचं नाव कुठंही नाही. फोटो काढून 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवलीय.

सर, आपण चाळीस वर्षं ग्वाल्हेरच्या लष्कर भागात शिकवलंत असं लिहिलंय. तो मुलगा किंवा त्याचे शिक्षक कदाचित आपल्या ओळखीचे निघतील. सहीनिशी एक कागद मिळाला, तर ते वाक्य मी परत घालीन, तारखेसकट.