कृपया ट्रेला हात लावू नये

ओट्सचं कुरकुरीत टॉपिंग, ज्याला दुकानात ग्रॅनोला म्हणून भलत्याच भावाला विकतात, ते घरी करणं मुळीच अवघड नाही. अवघड आहे ते घरात माणसं असताना करणं.

साहित्य साधं. तीन कप ओट्स, कपभर बदाम-अक्रोडाचे तुकडे आणि भोपळ्याच्या बिया, पाव कप तेल, त्याहून थोडा जास्त पातळ केलेला गूळ, दालचिनी, चिमूटभर मीठ. ओट्स मागितले की वाणी आधी मसाला ओट्सचं पाकीट पुढे करतो. ते नको म्हटलं की झटपट शिजणारे देतो, ज्यांचा ओव्हनमध्ये भुगा होतो. जाडे मिळवायला थोडं भांडावं लागतं. मग सगळं कालवून ट्रेमध्ये पसरायचं, 150 अंशांवर 40 मिनिटांच्या आसपास भाजायचं, मध्ये एकदा हलवायचं. मनुका शेवटी, बाहेर काढल्यावर. आधी घातल्या तर जळून कडू होतात.

इथवर कुणीही पोचतं. खरी परीक्षा पुढच्या तासाभराची.

कारण बाहेर काढलेला ग्रॅनोला मऊ असतो. गूळ गरम आहे तोवर चिकट, थंड झाला की कडक. कुरकुरीतपणा ओव्हनमध्ये नाही, ओट्यावर येतो. छान ढेकळं हवी असतील तर उलथण्यानं दाबून ठेवायचं आणि हात लावायचा नाही. नेमका याच वेळी दालचिनीचा वास हॉलमध्ये पोचतो.

आई मालिका सोडून येते. (ब्रेकमध्ये नव्हे, भर मालिकेत.) चिमूटभर तोंडात टाकते. "मऊ आहे रे. कच्चं राहिलंय, परत ठेव."

"अगं आई, थंड झालं की कुरकुरीत होतं."

"मला नको शिकवूस. चिवडाच आहे हा. तू फक्त मिरची विसरलास." आणि खात्री करायला आणखी एक मूठ.

मुलगी फक्त ढेकळं उचलते, जी अजून झालेलीच नसतात. बायको तत्त्वाची. ती ट्रेमधलं खात नाही, ती कडा सरळ करते. वड्या थापल्या की कडा सरळ करायच्या आणि निघालेला चुरा वाया जाऊ द्यायचा नाही, हे तिचं माहेरचं वळण. कडा सरळ करता करता ती ट्रेच्या मध्यापर्यंत येते.

1863 साली न्यूयॉर्क राज्यातल्या डॅन्सव्हिलला जेम्स कॅलेब जॅक्सन नावाच्या आरोग्यगृहवाल्या डॉक्टरांनी ग्रॅनोलाचा पूर्वज काढला. ओट्स नव्हतेच त्यात. कोंड्यासकट गव्हाच्या पिठाचे पापुद्रे भाजायचे, फोडायचे, पुन्हा भाजायचे. ते इतकं टणक होई की रात्रभर दुधात भिजवल्याशिवाय चावता येत नसे. लोक हसतात त्या डॉक्टरांना. मी नाही हसत. त्यांच्या ट्रेला कुणी हात लावला नसणार.

त्यात आमची डोंबिवली आणि श्रावण. उघडं ठेवलं तर सादळतं, गरम असताना डब्यात भरलं तर वाफ धरून मऊ पडतं. म्हणजे थंड होऊ द्यायचं आणि लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात, यात ढिलाई नाही. आई मदत म्हणून पंखा लावते. खिडकी उघडी, बाहेर पाऊस, पंख्याखाली ट्रे. आणि ती विचारते, "आता झालं का बघू?"

परवा श्रीखंड केलं होतं, वर घालायला म्हणून हा सगळा खटाटोप. वाट्या मांडल्या, श्रीखंड वाढलं, डबा उघडला. तळाशी ओट्स होते, पण एकेकटे. बदाम नावालाही नाहीत.

"बाबा, वर थोडं फरसाण घालू?" मुलीनं विचारलं.

आईनं तेवढ्यात वाटी पुढे केली. "मला साधंच दे. ते तुझं वरचं जरा जास्त गोड होतं."