फणसासाठी कोर्ट, हातासाठी "जाऊ दे"

आमचे चुलत भावोजी आणि त्यांचे शेजारी यांच्यात एका फणसावरून एकोणीस वर्षं दावा चालू आहे. झाड एकाच्या आवारात, फांद्या दुसऱ्याच्या, आणि फणस पडतो तो नेमका मधल्या गडग्यावर. वकिलांना दिलेल्या पैशांत एव्हाना दोघांच्याही फणसाच्या बागा झाल्या असत्या. पण "जाऊ दे" असं दोघांपैकी कुणी एकदाही म्हटलेलं नाही.

हेच भावोजी दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात माझ्या खाटेशेजारी बसून म्हणाले, "वहिनी, कशाला त्या कोर्टाच्या भानगडीत पडताय? जीव वाचला ना? मिटवून टाका."

झालं होतं असं. जाकादेवीला बाजार करून मी रस्त्याच्या कडेने चालले होते. मालगुंडची गाडी यायला वेळ होता. पर्यटकांची एक गाडी पुढच्या टेम्पोला ओव्हरटेक करायला गेली, समोरून एसटी आली, आणि ती गाडी डावीकडे, म्हणजे माझ्या अंगावर. उजव्या हातावर पडले. मनगटाचा चुरा झाला. ऑपरेशन करून प्लेट टाकली, ती अजून आत आहे. पावसाळ्यात तिचं असणं जाणवतं.

गाडी चालवणारा मुलगा वाईट नव्हता. पळाला नाही, त्यानेच दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी त्याचे काका आले, पंचवीस हजार रुपये आणि टाइप केलेला एक कागद घेऊन. "आमची काही तक्रार नाही" इथे सही करा. दवाखान्याचं बिल तोवर लाखाच्या वर गेलं होतं. घरातले सगळे म्हणत होते, घे, पोराचं आयुष्य कशाला खराब करायचं! मी सही केली नाही, पण त्यात शहाणपणाचा भाग काही नव्हता. उजवा हात प्लास्टरमध्ये होता आणि अंगठा द्यायला मला लाज वाटली, एवढंच.

पोराच्या आयुष्याचं म्हणाल तर मला एक गोष्ट फार उशिरा कळली. गुन्ह्याचं प्रकरण वेगळं चालतं आणि भरपाईचं वेगळं. भरपाईचा दावा जिल्हा न्यायालयातल्या मोटार अपघात न्यायाधिकरणात जातो, आणि गाडीचा विमा चालू असेल तर पैसे विमा कंपनी देते. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यात प्रत्येक गाडीला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे तो कशासाठी? माझ्यासारख्या रस्त्याने चालणारीसाठीच ना? त्याचा हप्ता गाडीवाला भरतो. म्हणजे मी कुणाच्या घासातला घास मागत नव्हते. तरी आमच्या वाडीत महिनाभर बोललं जात होतं, की "हिने हाताचे पैसे करायला काढले."

हे ऐकून मी आधी रडले आणि मग चिडले. जमिनीचे पैसे केले तर व्यवहार, कलमांचे केले तर धंदा, आणि मोडलेल्या हाताचे मागितले तर हावरटपणा! मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चाललंय. त्याच्या कडेच्या कुठल्याही गावात जा, मोडलेला हात किंवा पाय घेऊन बसलेलं कुणीतरी भेटेल. त्याला विचारा दावा केलात का. "नशीब" म्हणेल. आणि त्याच माणसाला त्याच्या वहिवाटीबद्दल विचारा. सातबारा, फेरफार, आजोबांच्या वेळचा कागद, सगळं पिशवीतून बाहेर येईल.

आता माझ्या धंद्याबद्दल. मी उकडीचे मोदक करते. घरगुती ऑर्डरी, गणपतीपुळ्याला येणारे लोक, अंगारकीला दोनशे-दोनशे मोदक. उकड गरम असतानाच मळावी लागते, तळव्याचा जोर लागतो. खवणीवर नारळ फिरवायचा तो मनगटाने. आणि कळ्या पाडायच्या त्या उजव्या हाताच्या चिमटीने. पूर्वी एका मोदकाला एकवीस कळ्या सहज पडायच्या. आता नवव्या-दहाव्या कळीला चिमूट सुटते आणि पारी फाटते. सिव्हिलच्या दाखल्यावर लिहिलंय, कायमचं अपंगत्व १५ टक्के.

खरी गोम या आकड्यात आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात सांगितलं, की शरीराचं अपंगत्व किती टक्के आणि कमाईची ताकद किती टक्के गेली, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उदाहरण दिलंय ते डावा हात गेल्याचं. ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर त्याची कमाई संपलीच, कारकून असेल तर नोकरी टिकूही शकते. आता माझं गणित मांडते. महिना बारा हजार कमाई धरली तर वर्षाची १,४४,०००. अपघातावेळी माझं वय ४४, आणि २००९ च्या सरला वर्मा निकालातल्या तक्त्यात ४१ ते ४५ वयाला गुणक, म्हणजे वर्षाच्या नुकसानीला ज्याने गुणायचं तो आकडा, १४ आहे. नुकसान १५ टक्केच मानलं तर ३,०२,४०० रुपये. कमाई ४० टक्के गेली असं मानलं तर ८,०६,४००. दवाखान्याचा खर्च, वेदना, पुढे वाढू शकली असती ती कमाई, हे सगळं वेगळं.

म्हणून विमा कंपनीच्या वकिलांनी उलटतपासणीत मला विचारलं, "बाजारात मोदकाचे साचे मिळतात, हे खरं आहे का?"

"मिळतात."

"साच्याने मोदक करायला तुम्हाला अडचण नाही?"

मी म्हटलं, "साहेब, साच्यातला मोदक हाताचा म्हणून विकला तर गिऱ्हाईक एकदाच येतं."

न्यायाधीशांनी मान खाली घालून लिहून घेतलं. हसले की नाही ते दिसलं नाही.

कमाई सिद्ध करणं सगळ्यात जड गेलं. पगाराची स्लिप कुठून आणणार? शेवटी फोनवरचे यूपीआयचे व्यवहार काढले, तांदूळपिठीची आणि गुळाची बिलं जोडली, आणि माझी ऑर्डरींची वही दिली. तिच्या पानापानाला तुपाचे डाग आहेत. औषधाच्या पाच-सहा चिठ्ठ्या मात्र फुकट गेल्या, कारण त्या साध्या कागदावरच्या होत्या. पक्कं बिल मागायला मी संकोचले होते. फिजिओथेरपीला रत्नागिरीला जायची तिकिटं जपली होती. एसटीत बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे प्रवासखर्चही अर्धाच निघाला. दोन महिने माझी जाऊ घर सांभाळायला येत होती. तिने एक पैसा घेतला नाही, म्हणून तो खर्च नाहीच असं मला वाटलं होतं. वकीलबाईंनी तोही लिहायला लावला.

वकीलबाई मिळाल्या त्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून. १९८७ च्या कायद्याप्रमाणे बाईला मोफत वकील मिळतो, कमाई कितीही असो. हे आपल्याकडे किती जणींना माहीत आहे? त्याआधी दवाखान्यातच एक गृहस्थ भेटले होते, "सगळं मी बघतो, मिळेल त्यातले तीस टक्के माझे." अशांना चहासुद्धा पाजू नका.

आणि मुदत. १ एप्रिल २०२२ पासून हा दावा अपघातापासून सहा महिन्यांत करायचा असतो. ही अट सर्वोच्च न्यायालयात आव्हानाखाली आहे, पण त्या भरवशावर घरी बसू नका. मी पाचव्या महिन्यात गेले, कारण चार महिने "लोक काय म्हणतील" यातच गेले.

निकाल अजून लागलेला नाही. लोकअदालतीत कंपनीने एक आकडा दिला होता. तिथे तडजोड झाली की पुढे अपील नसतं, म्हणून रात्रभर विचार केला आणि नाही म्हटलं. चुकलेही असेन.

पुढची तारीख सोमवारी आहे. फणसाचीही त्याच दिवशी आहे. भावोजींनी काल निरोप पाठवलाय, की सकाळच्या एसटीला आधी जो पोचेल त्याने दुसऱ्यासाठी जागा धरायची.