‘पू-द्यु-सिएल’वर कायमची बंदी आली नव्हती

फ्रेंच विमानरचनाकार आंरी मिन्ये यांचे ‘पू-द्यु-सिएल’ हे घरी बांधायचे छोटे विमान हौशी लोकांच्या कच्च्या सुतारकामामुळे कोसळत असे आणि १९३६ मध्ये त्यावर जगभर कायमची बंदी आली, असा मजकूर सध्या फिरत आहे. त्यातले अपघात खरे आहेत. कारण आणि शेवट मात्र चुकीचा आहे.

१० सप्टेंबर १९३३ रोजी प्रथम उडालेल्या या विमानाच्या एचएम-१४ या नमुन्याला एलेरॉन (विमान बाजूला कलवणाऱ्या, पंखाच्या कडेच्या हलत्या फळ्या) नव्हते. वैमानिकाने नियंत्रणाचा दांडा मागे ओढला की पुढचा पंखच कलत असे, आणि मागचा पंख त्याला अगदी खेटून स्थिर बसवलेला होता. ब्रिटनमधील फार्नबरो आणि फ्रान्समधील शाले-मदों येथील वातबोगद्यांत (विमानावर जोराचा वारा सोडून चाचणी घेण्याच्या बोगद्यांत) पूर्ण आकाराचे विमान ठेवून १९३६ मध्ये चाचण्या झाल्या, तेव्हा असे दिसले की नाक ठरावीक कोनापलीकडे खाली गेल्यावर दोन पंखांमधल्या फटीतून वाहणाऱ्या हवेमुळे मागच्या पंखाची उचल वाढते आणि वैमानिकाने दांडा कितीही ओढला तरी विमान सूर मारतच राहते. म्हणजेच दोष रचनेचा होता. नीट बांधलेले विमानही त्यातून सुटत नव्हते. ब्रिटनने नवे उड्डाण-परवाने थांबवले, हेही खरे, पण तो निर्णय त्या देशापुरता होता.

मिन्ये यांनी पुढे रचना सुधारली. एचएम-२९० आणि एचएम-२९३ हे नमुने दुसऱ्या महायुद्धानंतर हौशी मंडळींनी बांधले, आणि याच घराण्यातले ‘बालेरी’ तर फ्रेंच सैन्यानेही वापरले.