ते थांबतात, पण का?

"संस्कार! दुसरं काही नाही," असं म्हणून नानाने मांडीवर थाप मारली आणि निकाल देऊन टाकला.

फिनलंडची राजधानी हेलसिंकीची बातमी कट्ट्यावरच्या सगळ्यांनीच वाचली होती. वर्षभर रस्त्यावरच्या अपघातात एकही बळी नाही, यावर कुणाचा वाद नव्हता. वाद होता तो हे जमलं कशामुळे, तिकडचे गाडीवाले चालणाऱ्यासाठी थांबतात ते का, यावर.

"तिकडचा माणूसच वेगळा," नाना पुढे म्हणाला. "न्यू जर्सीला मी रोज सकाळी फिरायला निघायचो. फूटपाथवरून नुसता पाय खाली ठेवला की गाडी थांबलीच म्हणून समजा. वर आतली बाई हसून हात करायची, या, या."

"नाना लेकीकडे सहा महिने राहून आला, त्याला झाली दहा वर्षं," दिलीप म्हणाला. "पण ते सहा महिने काही संपत नाहीत."

"थांब रे दिलीप," वंदना म्हणाली. "नाना, हे कुठल्या रस्त्यावर? लेकीच्या कॉलनीत ना?"

"हो. मग?"

"कॉलनीच्या बाहेरचा मोठा रस्ता कधी पायी ओलांडलास?"

नानाने मान हलवली. "छे! तिथे कुणी पायी जातच नाही. सहा लेन. समोरच्या दुकानात जायचं तरी जावई गाडी काढायचा."

"म्हणजे तुझ्या त्या सुसंस्कृत देशात माणसाला रस्ता ओलांडायला गाडी लागते."

पहिला हशा इथे झाला. पण वंदना हसत नव्हती. ती कंपनीच्या कामासाठी चार वर्षं जर्मनीत स्टुटगार्टला होती आणि हा विषय तिच्या जिव्हाळ्याचा आहे. माझ्याही. म्हणून मी मध्ये पडलो आणि अमेरिकेचे आकडे सांगितले. २००९ साली तिथे ४,१०९ पादचारी गाड्यांखाली गेले. २०२२ साली ७,५२२. माणसं तीच, लेकीच्या कॉलनीत थांबणारी बाईही तीच, आणि तेरा वर्षांत मेलेल्यांचा आकडा जवळपास दुप्पट. मग संस्कार आटले म्हणायचे का?

"मोबाईल!" दिलीप उसळला. "चालणारे मोबाईलमध्ये डोकं घालून चालतात. मी नेहमी सांगतो, चूक पादचाऱ्याची असते."

"मोबाईल फक्त अमेरिकेत विकतात का?" वंदनाने विचारलं. "फिनलंडमध्ये तर नोकिया जन्मली."

दिलीपला यावर उत्तर सुचलं नाही, पण त्याने माघारही घेतली नाही. तो कधीच घेत नाही. कॉलेजच्या सामन्यात याने नानाला "पळ" म्हणून अर्ध्या खेळपट्टीपर्यंत बोलावलं, मग "नको" म्हणाला, आणि नाना धावबाद झाला. त्यावर याचं आजही म्हणणं हेच, की चूक पळणाऱ्याची होती. नानाने तो विषय लगेच काढलाच. "याच्या भरवशावर मी एकदा मधोमध जाऊन उभा राहिलोय, याला पादचाऱ्यांवर बोलायचा अधिकारच नाही!" मग पाचेक मिनिटं तो सामना पुन्हा खेळला गेला.

गाडं मूळ विषयावर आणलं ते अन्वरने. तो बरीच वर्षं दुबईत टॅक्सी चालवायचा. बोलतो कमी. "संस्कार वगैरे मला नाही कळत," तो म्हणाला. "झेब्रा पट्ट्यांवर माणसाला वाट दिली नाही तर पाचशे दिरहम दंड आणि सहा काळे पॉइंट. असे चोवीस झाले की लायसन्स जमा. लायसन्स जमा म्हणजे माझं घर बंद. मी थांबायचो. प्रत्येक वेळी थांबायचो."

"आणि चालणाऱ्याला?" दिलीपला आशा वाटली.

"त्यालाही. भलत्या जागी ओलांडलं तर चारशे दिरहम. पण शेख झायेद रोडवर योग्य जागा तरी कुठे होती? मेट्रो २००९ला आली, तिच्या स्टेशनांचे पूल झाले. त्याआधी समोरची इमारत डोळ्यांना दिसायची, पण जायला टॅक्सी करावी लागायची. आमची भाडी त्यावरच तर होती."

"अमेरिकेत हेच झालं," मी म्हणालो. १९२० च्या आसपासपर्यंत तिथला रस्ता सगळ्यांचा होता. मुलं खेळायची, फेरीवाले फिरायचे, लोक वाटेल तिथून पलीकडे जायचे. गाड्या वाढल्या, माणसं मरायला लागली, तसं लोकांनी मोटारींविरुद्ध रान उठवलं. मोटारवाल्यांनी मग दोष उलटा चालणाऱ्याच्या माथी मारला, आणि १९२५ साली लॉस एंजेलिसने वाटेल तिथून रस्ता ओलांडणं हा गुन्हा ठरवला. इतर शहरांनी तोच कित्ता गिरवला. जवळपास शंभर वर्षांनी, २०२३ पासून, कॅलिफोर्नियाने ते सैल केलं. आता समोर खरोखरच धोका नसेल तर पोलीस नुसतं ओलांडल्याबद्दल पावती फाडू शकत नाहीत. दिलीप जे आज बोलतोय ते मोटारवाल्यांनी शंभर वर्षांपूर्वी बोलून ठेवलं होतं. हे मी त्याला तोंडावर सांगितलं आणि त्याला ते आवडलं नाही.

"शिवाय लाल दिव्यावर उजवीकडे वळायची मुभा," वंदना म्हणाली. "सत्तरच्या दशकात तेल महागलं, तेव्हा पेट्रोल वाचवायचं म्हणून ती देशभर पसरली. तिकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. वळणारा ड्रायव्हर बघतो कुठे? डावीकडे, गाड्यांमध्ये फट आहे का ते. आणि पायी येणारा पाऊल टाकतो उजवीकडून. ड्रायव्हर देवमाणूस असला तरी त्याची मान दुसरीकडेच वळलेली असते. न्यूयॉर्क शहराने ही मुभा दिलीच नाही, तिथे तशी परवानगी देणारा फलक नसेल तर लालवर वळता येत नाही."

"गाड्यांचं नाकही वाढलंय," अन्वर म्हणाला. "त्या उंच एसयूव्हीत बसलं की पुढे लहान मूल आहे की नाही, कळत नाही."

हे खरं आहे. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या सुरक्षा संस्थेने २०२३ साली हिशेब मांडला. बॉनेट ४० इंचांहून उंच असेल, तर धडक बसलेला पादचारी मरण्याची शक्यता बुटक्या, उतरत्या बॉनेटच्या गाडीपेक्षा सुमारे ४५ टक्के जास्त.

नाना मात्र हटेना. "ठीक आहे, अमेरिका सोड. जर्मन? तू स्वतःच सांगतेस ना, जर्मन थांबतो म्हणून! शिस्त रक्तात असते एकेकाच्या."

मग वंदनाने जे सांगितलं ते आम्ही याआधी कधी ऐकलं नव्हतं. तिला तिकडे लायसन्स नव्याने काढावं लागलं, लेखी आणि गाडीची, दोन्ही परीक्षा देऊन. गाडीच्या परीक्षेत शिकवणारा मास्तर शेजारी बसतो, त्याच्या पायाशीही ब्रेक असतो, आणि परीक्षक मागच्या सीटवर.

"झेब्रा पट्ट्यांच्या कडेला एक आजोबा उभे होते," वंदना म्हणाली. "हातात पिशवी, नजर रस्त्यावर. पाऊल खाली टाकलेलं नव्हतं. मला वाटलं, उभेच आहेत अजून, तेवढ्यात आपण निघून जाऊ. मी ॲक्सिलरेटरवरून पायसुद्धा उचलला नाही. पुढच्या क्षणी गाडी जागच्या जागी. ब्रेक मास्तरने दाबला होता. आणि मास्तरला ब्रेक दाबावा लागला की परीक्षा तिथेच संपली. मागून परीक्षक शांतपणे म्हणाला, गाडी बाजूला घ्या."

"नापास?" नाना.

"नापास. पुन्हा फी, पुन्हा तास. तिथला कायदा म्हणतो, माणूस ओलांडायच्या बेतात आहे असं नुसतं दिसलं तरी हळू व्हायचं आणि गरज पडली तर थांबायचं. नाहीतर ऐंशी युरो आणि लायसन्सवर एक पॉइंट. त्यानंतरची सगळी वर्षं पट्ट्या दिसल्या की माझा पाय आपोआप वर. नाना, हे संस्कार माझ्या आईने नाही केले. त्या मास्तरच्या पायाने केले."

"जपान!" नानाने शेवटचा मोहरा पुढे सरकवला. "जपानी माणसाबद्दल बोल. मुलं हात वर करून रस्ता ओलांडतात, पलीकडे गेल्यावर वाकून नमस्कार करतात."

नाना असा आयताच सापडेल असं मला वाटलं नव्हतं. जपानच्या ऑटोमोबाईल फेडरेशनने २०१६ साली देशभर पाहणी केली होती. सिग्नल नसलेल्या पट्ट्यांवर माणूस उभा, तर किती गाड्या थांबतात? ७.६ टक्के. कायदा केव्हाचा होता, नमस्कारही होता, आणि शंभरातल्या ब्याण्णव गाड्या सरळ निघून जात होत्या. २०१८ पासून प्रत्येक प्रांताचा आकडा जाहीर व्हायला लागला. नागानो ५८.६ टक्क्यांवर पहिला आणि तोचिगी ०.९ टक्क्यांवर शेवटचा! तोचिगीची देशभर शोभा झाली, पोलीस पट्ट्यांशी उभे राहून पकडायला लागले, शाळांतून, टीव्हीवरून बोललं जाऊ लागलं. २०२४ साली देशाचा आकडा ५३ टक्क्यांवर गेला होता.

"आता सांग," वंदना म्हणाली, "२०१६ साली जपानी संस्कार कुठे गेले होते?"

नाना म्हणाला, "रजेवर." त्याची हार मान्य करायची पद्धत हीच आहे.

इंग्रजांचंही तेच. १९३४ साली तिथे पट्टे नव्हते, काळ्यापांढऱ्या खांबांवर केशरी गोळे लावले आणि इथून ओलांडा म्हणाले. ते पुरेना, म्हणून १९५१ साली रस्त्यावर पांढरे पट्टे आले. पट्ट्यांच्या आधी लोक गाड्या उभ्या करायचे आणि आडून येणारा माणूस दिसायचा नाही, म्हणून १९७१ साली दोन्ही बाजूंना नागमोडी रेषा आल्या. तिथे गाडी लावायची नाही, पुढच्या गाडीला मागे टाकायचं नाही. दर वेळी माणसाच्या स्वभावावर विसंबून भागलं नाही, म्हणून रस्ता बदलावा लागला.

मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते वेगाचं गणित, आणि ते मी कट्ट्यावर खडूने काढून दाखवलं. तीसच्या वेगाने जाणाऱ्या गाडीपुढे माणूस आला. ड्रायव्हरला भान येऊन ब्रेकवर पाय जायला एक सेकंद धरा, तेवढ्यात गाडी आठ मीटर गेली. ब्रेक लागून थांबायला आणखी पाच. तेरा मीटरवर गाडी उभी, माणूस शाबूत. आता वेग पन्नास. पहिल्या सेकंदातच गाडी चौदा मीटर पुढे. म्हणजे पहिली गाडी जिथे थांबली, तिथे दुसरीचा ब्रेक अजून लागलेलाही नाही. ती पन्नासच्या वेगाने त्याच माणसावर आदळते. दोन्ही ड्रायव्हर तितकेच सज्जन, तितकेच सावध. हेलसिंकीने निम्म्याहून जास्त रस्त्यांवर तीसची मर्यादा घातली, रस्ते अरुंद केले, कॅमेरे लावले. ऐंशीच्या दशकात त्याच शहरात वर्षाला तीसेक माणसं मरत होती. लोक तेच.

खडूच्या रेघांकडे दिलीप बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "आठ आणि पाच तेरा, एवढं बरोबर आहे." त्याच्याकडून एवढंही खूप.

"आणि नाना, तुझ्याच न्यू जर्सीत होबोकेन नावाचं शहर आहे," वंदना म्हणाली. "२०१७ पासून सलग सात वर्षांहून जास्त तिथे रस्त्यावर एकही माणूस मेला नाही. मुख्य काम काय केलं? कोपऱ्यावर पार्किंग बंद केलं, म्हणजे चालणारा आणि ड्रायव्हर एकमेकांना दिसायला लागले."

"होबोकेन?" नाना ताठ बसला. "अरे, तिथे तर आम्ही जायचो! पार्किंग मिळत नाही म्हणून जावई काय शिव्या द्यायचा त्या गावाला!"

आता मात्र वंदनाही पोट धरून हसली.

अन्वरला फिनलंडचा दंड ठाऊक होता, तो मिळकतीवर बसतो. २०२३ साली तिथल्या आलांड बेटांवरच्या एका श्रीमंत उद्योगपतीने पन्नासच्या जागी ८२ने गाडी हाकली आणि १,२१,००० युरो भरले. "मी असतो तर चहाच्या पैशांत सुटलो असतो," अन्वर म्हणाला. "दिलीप तर असा सुटला असता, की त्यांनीच उलट काहीतरी हातावर ठेवलं असतं."

दिलीपने हे मनाला लावून घेऊ नये म्हणून मी कोलंबियाच्या राजधानीचा, बोगोटाचा, किस्सा काढला. अँटानास मोकस महापौर असताना, १९९५ साली, त्याने चौकाचौकांत मूकाभिनय करणारे कलाकार उभे केले होते. पट्ट्यांवर गाडी घातली की कलाकार भर चौकात ड्रायव्हरची नक्कल करायचा आणि लोक हसायचे. बोलिव्हियात ला पाझला २००१ पासून तर तरुण मुलं झेब्र्याचा पोशाख घालून पट्ट्यांवर नाचतात, गाड्या अडवतात, मुलांना हात धरून पलीकडे नेतात.

"बघ!" नाना ओरडला. "दंड नाही, कॅमेरा नाही. याला संस्कारच म्हणतात!"

"बरं, हा मुद्दा तुझा," वंदना म्हणाली. तिने नानाला मुद्दा दिला हे मी प्रथमच पाहत होतो. "मग तू हो झेब्रा."

"माझ्या मापाचा पोशाख मिळणार नाही."

"दोघांचा शिवू," अन्वर म्हणाला. "पुढचे पाय नाना, मागचे दिलीप."

"मी मागे का?" दिलीपने विचारलं.

"कारण तू पुढे राहिलास तर पळ म्हणशील आणि मध्येच नको म्हणशील!" नाना म्हणाला. यावर दिलीपने त्या सामन्यातला फलंदाजीचा क्रम पुन्हा सांगायला सुरुवात केली, अन्वरने त्याचे दोन्ही हात धरून त्याला वाकवून मागचे पाय कसे दिसतील ते दाखवलं, आणि नंतर कुणाला काही ऐकू येईना.